गिगाबिटचा शिक्का आणि रात्री नऊची परीक्षा

राउटर नावाच्या यंत्राच्या वेष्टनावर 'गिगाबिट' हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो, आणि तो वाचून घेणाऱ्याची अशी समजूत होते की, या यंत्रातून सेकंदाला शंभर कोटी बिट एवढी माहिती, मग ती कोणत्याही आकाराची असो, तिच्यावर कोणतेही संस्कार करावयाचे असोत आणि ती कितीही घरांत वाटावयाची असो, निर्वेधपणे पार होईल. घरातल्या एका कोपऱ्यात ठेवलेल्या राउटरच्या बाबतीत या समजुतीने फारसे काही बिघडत नाही. कारण एका कुटुंबाची गरज त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. परंतु टेकडीवर टॉवर उभारून भोवतालच्या दहा-बारा गावांना बिनतारी इंटरनेट पुरविण्याचे काम ज्याने अंगावर घेतले आहे, ज्याच्यापाशी भांडवल बेताचे आहे आणि ज्याचा ग्राहक दरमहा पाचशे रुपये मोजून देताना त्याचा चोख मोबदला मागतो, त्याला ही समजूत फार महागात पडते. 'गिगाबिट' हा शब्द यंत्राच्या दारांविषयी, म्हणजे पोर्टांविषयी, बोलतो. १९९८ साली काचतंतूवरील आणि १९९९ साली तांब्याच्या तारेवरील गिगाबिट ईथरनेटचे मानक जाहीर झाले, त्या मानकाप्रमाणे हे दार बांधलेले आहे, एवढीच ग्वाही त्या शब्दात आहे. दाराच्या आत बसून जो प्रोसेसर प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा प्रत्येक गठ्ठा, तपासतो, त्याच्या कुवतीविषयी तो शब्द मौन पाळतो.

जुन्या जकात नाक्याचे उदाहरण घेतले तर हा भेद नीट ध्यानात येईल. नाक्यापुढचा रस्ता कितीही रुंद असला, तरी कारकुनाला प्रत्येक गाडी थांबवून तिची पावती पाहावी लागे, आणि पोत्यांनी खच्चून भरलेल्या गाडीला जेवढा वेळ लागे जवळजवळ तेवढाच एका टोपलीच्या हातगाडीलाही लागे. राउटरचे काम नेमके असेच चालते. पॅकेट पंधराशे बाइटांचे असो वा चौसष्ट बाइटांचे, त्याचा पत्ता वाचणे, तो मार्गसूचीत शोधणे, नियमांची रुजुवात घालणे आणि योग्य रांगेत ते उभे करणे हा खटाटोप दोहोंना सारखाच असतो. म्हणून राउटरची खरी कुवत बिटांत मोजून भागत नाही. ती सेकंदाला किती पॅकेटे हाताळता येतात यावर मोजावी लागते.

हा हिशेब कोणालाही पाटीवर मांडून पाहता येईल असा आहे. पॅकेट तारेवरून ज्या आवरणात जाते त्याला फ्रेम म्हणतात, आणि ईथरनेटच्या सर्वांत मोठ्या सामान्य फ्रेमची लांबी १५१८ बाइट असते. तिच्या आधीची खूण आणि दोन फ्रेमांमधील सक्तीचे अंतर यांचे २० बाइट त्यात मिळवले, म्हणजे गिगाबिट तार काठोकाठ भरण्यास सेकंदाला सुमारे ८१ हजार फ्रेमा पुरतात. सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटांची. तिच्यात तेच २० बाइट मिळवले की ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट होतात, आणि तीच तार भरण्यास सेकंदाला १४ लाख ८८ हजार फ्रेमा लागतात. एकाच गिगाबिटच्या पोटात अठरा पटींचा फरक दडलेला आहे तो असा. लहान-मोठ्या पॅकेटांचे जे मिश्रण चाचणीसाठी रूढ झाले आहे, म्हणजे सात लहान, चार मध्यम आणि एक मोठे, ते धरले तर आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास येतो. आणि बिनतारी सेवादाराने आपली अपेक्षा या मधल्या आकड्याशी जुळवावी हे इष्ट. लहान पॅकेटांच्या पूर्ण वेगात एका पॅकेटच्या वाट्याला केवळ ६७२ नॅनोसेकंद येतात. एक गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्या अवधीत ६७२ ठोके मिळतात, आणि मुख्य स्मृतीत एकदा डोकावून येण्यातच त्यांतले शंभराच्या आसपास खर्ची पडतात. पत्ता शोधणे, संरक्षक नियम लावणे, पत्त्यांची अदलाबदल करणे आणि ग्राहकाच्या वेगमर्यादेचा जमाखर्च ठेवणे ही सारी कामे उरलेल्या ठोक्यांत उरकावयाची आहेत, हे ज्याला उमगले तो वेष्टनावरच्या शब्दाने पुन्हा फसणार नाही.

आता हा बिनतारी सेवादार म्हणजे कोण, आणि त्याची गरज इतरांहून वेगळी का, हे सांगितले पाहिजे. १९८५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने काही रेडिओ-पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले, त्या निर्णयातून पुढे वाय-फाय जन्मास आले आणि त्याच निर्णयातून लहान सेवादारांचा हा व्यवसायही उभा राहिला. वायोमिंग राज्यातील लॅरमी या लहानशा गावी १९९२ साली स्थापन झालेली लॅरिएट ही संस्था स्वतःला या क्षेत्रातील आद्य म्हणविते. १९९६ साली लाटवियाची राजधानी रिगा येथे मायक्रोटिक ही कंपनी निघाली, तीही बिनतारी सेवादारांसाठी यंत्रणा उभारण्याच्या हेतूनेच. साध्या संगणकाला राउटर बनविणारी राउटरओएस ही प्रणाली तिने १९९७ साली रचली आणि २००२ पासून स्वतःची यंत्रेही घडविण्यास आरंभ केला. आज आपल्याकडच्या तालुक्या-तालुक्यांतील सेवादारांच्या कपाटांत तिची यंत्रे दिसतात. मोठमोठ्या कंपन्यांनी ज्या गावांकडे पाठ फिरविली होती त्या गावांसाठीच ती मुळात घडविली गेली, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे.

भारतात खाजगी सेवादारांना नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने वाट मिळाली. आणि राष्ट्र, परिमंडळ व त्याहून लहान क्षेत्र अशा अ, ब, क वर्गांच्या परवान्यांमुळे एखाद्या जिल्ह्यापुरता विचार करणाऱ्या उद्योजकालाही या व्यवसायात पाऊल टाकता आले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने मोकळे झाले, आणि बिनतारी सेवादाराला अंग हलविण्यापुरती जागा खऱ्या अर्थाने तेव्हा मिळाली. त्यापूर्वीही धाडसी प्रयोग झालेच होते. धरमशाळेच्या डोंगरउतारांवर २००५ साली बिनतारी जाळे उभे राहिले आणि त्यातून एअरजल्दी ही संस्था निघाली. आपल्या पालघर जिल्ह्यातील गावांत मुंबईच्या आयआयटीने 'ग्राममार्ग' प्रकल्पाद्वारे दूरचित्रवाणीच्या रिकाम्या तरंगपट्ट्यांतून इंटरनेट पोचविण्याचा प्रयोग केला. तमिळनाडूत थेनी भागातील अरविंद नेत्र रुग्णालयाने अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांच्या साहाय्याने दूर पल्ल्याच्या वाय-फायवरून खेड्यांतील दृष्टिकेंद्रांना आपल्या डॉक्टरांशी जोडून दिले. या सर्व प्रयोगांत ॲन्टेना आणि टॉवर यांची छायाचित्रे विपुल निघाली. टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या पत्र्याच्या पेटीतील राउटरकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले.

वस्तुतः गावाची सेवा चांगली की वाईट, हे बऱ्याच अंशी त्या पेटीतच ठरते. सह्याद्रीच्या माथ्यावरील एका तालुक्यातील सेवादाराच्या कचेरीत रात्री नऊच्या सुमारास मी बसलो होतो. दिवसभर शेतात किंवा कारखान्यात राबलेली माणसे जेवणे आटोपून एकाच वेळी फोन हातात घेतात ती हीच वेळ, आणि राउटरची खरी परीक्षा तिन्हीत्रिकाळ नव्हे, याच दोन तासांत होते. तक्रारींचे फोन सुरू झाले होते. तांत्रिक काम पाहणारा तरुण पडद्याकडे बोट दाखवून मालकांना म्हणाला, "दादा, सीपीयू तर तीसच टक्के आहे, पण पिंग दोनशेच्या वर चाललाय." पिंग म्हणजे पॅकेट जाऊन परत येण्यास लागणारे मिलिसेकंद. यंत्राच्या प्रोसेसरला चार कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे चार भाग, होते. मालकांनी प्रत्येक कोअरचा भार वेगळा दाखविणारा तक्ता उघडावयास सांगितला, तेव्हा एक कोअर शंभर टक्क्यांवर खिळलेला आणि उरलेले तीन जवळजवळ रिकामे बसलेले दिसले. तीस टक्के ही त्या चौघांची सरासरी होती. सगळ्या गावांतील सगळ्या ग्राहकांच्या वेगमर्यादेच्या रांगा एकाच मूळ रांगेखाली बांधल्या गेल्या होत्या, आणि एका मूळ रांगेचा हिशेब एकच कोअर सांभाळत असल्यामुळे तिघांचे बळ वाया जात होते. प्रत्येक टॉवरसाठी मूळ रांग वेगळी केली, तसा भार वाटला गेला आणि पिंग खाली उतरला. नवे यंत्र घ्यावे लागले नाही.

या प्रसंगातून निवडीचा एक निकष हाती येतो, आणि तो म्हणजे कोअरची संख्या पाहण्याआधी एका कोअरचे बळ पाहावे. मायक्रोटिकने २०१२ साली टिलेरा कंपनीचे ३६ कोअरचे प्रोसेसर घालून जी यंत्रे बाजारात आणली, त्यांनी या व्यवसायाची मोठीच सेवा केली. हजारो ग्राहकांचा वाटला जाणारा भार ती सहज पेलीत. परंतु एकाच कोअरवर चालणारे काम आले की त्यांची दमछाक होई. जगभरच्या मार्गांची संपूर्ण सूची शेजारच्या राउटरकडून घेऊन ती लावून घेणे हे राउटरओएसच्या सहाव्या आवृत्तीत असेच एकाच कोअरवर चालणारे काम होते, आणि दुवा तुटून पुन्हा जोडला गेल्यावर ते आटोपण्यास नको तितका वेळ लागे. पुढे टिलेरा कंपनी विकत घेणारीही विकली गेली, आणि राउटरओएस ज्या लिनक्सवर उभी आहे त्याच्या मूळ संहितेतून २०१८ साली त्या प्रोसेसरचा आधार काढून टाकण्यात आला. मायक्रोटिकने आपल्या ग्राहकांना वाऱ्यावर सोडले नाही, हे तिच्या श्रेयात नमूद केले पाहिजे. तथापि तिने नंतरची यंत्रे चार किंवा सोळा दमदार एआरएम कोअर घालून घडविली, यात सर्व काही आले.

मार्गसूचीचा विषय निघालाच आहे, तर एक इशारा येथेच देतो. ऑगस्ट २०१४ मध्ये जगाच्या मार्गसूचीने पाच लाख बारा हजारांची हद्द ओलांडली, त्या दिवशी तेवढ्याच क्षमतेची अनेक जुनी यंत्रे कोलमडली आणि ठिकठिकाणी इंटरनेट खंडित झाले. आज ती सूची नऊ लाखांच्याही पुढे गेली आहे. एकाच पुरवठादाराकडून जोडणी घेणाऱ्या सेवादाराला या सूचीची यत्किंचितही गरज नाही. एक सर्वसाधारण मार्ग त्याला पुरतो. दोन पुरवठादार असतील आणि स्वतःचा पत्त्यांचा संच असेल, तरीही अंशतः सूची घेऊन काम भागते. प्रतिष्ठेसाठी संपूर्ण सूची घेऊन तिच्या पोटी महागडा राउटर खरेदी करणारे सेवादार आहेत. तो पैसा त्यांनी बॅटरीवर खर्च केला असता तर गावाचे अधिक भले झाले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंपन्यांची चाचणीपत्रके वाचण्याची कला आता सांगतो. मायक्रोटिक आपल्या प्रत्येक यंत्राचा तक्ता प्रसिद्ध करते, आणि त्यात पॅकेटच्या तीन आकारांसाठी निरनिराळ्या परिस्थितींतले आकडे असतात: कोणताही नियम नसताना जलद मार्गाने, पंचवीस रांगा लावल्यावर आणि पंचवीस संरक्षक नियम लावल्यावर. घेणाऱ्याची दृष्टी स्वभावतःच सर्वांत मोठ्या आकड्यावर, म्हणजे नियम नसताना मोठ्या पॅकेटांनी मिळविलेल्या वेगावर, जाऊन स्थिरावते. पण त्याच्या नशिबी येणारा आकडा शेवटच्या ओळींत, मधल्या रकान्यात असतो. २०१२ च्या सुमारास युबिक्विटी या प्रतिस्पर्धी कंपनीने शंभर डॉलरच्या आत एजराउटर लाइट हा राउटर आणला आणि लहान पॅकेटे सेकंदाला दहा लाख हाताळण्याचा दावा केला, तेव्हा या व्यवसायात खळबळ माजली, आणि तो दावा खोटा नव्हता. परंतु ते बळ प्रोसेसरच्या शेजारी असलेल्या स्वतंत्र मंडलातून येत होते, आणि रांगांचे काम सुरू करताच पॅकेटे त्या मंडलाकडून काढून पुन्हा प्रोसेसरच्या हवाली होत. राउटरओएसमधील 'फास्टट्रॅक' या सोयीचीही जात तीच: तिने वेग वाढतो, परंतु त्या वाटेने गेलेले पॅकेट ग्राहकाच्या रांगेतून जातच नाही, आणि ज्याला दहा मेगाबिट विकले आहेत तो त्याहून कितीतरी अधिक घेऊन बसतो. ज्या कामांसाठी सेवादार राउटर घेतो ती कामे चालू ठेवून जो वेग मिळतो तोच त्याचा वेग. बाकीचे आकडे प्रयोगशाळेचे.

ही कामे तरी कोणती? पहिले काम ग्राहकाची ओळख पटविण्याचे. १९९९ साली लिहून निघालेला पीपीपीओई हा शिष्टाचार आजही सर्वत्र चालतो. प्रत्येक ग्राहकाचे नाव आणि परवलीचा शब्द रेडियस या खातेवहीशी ताडून पाहिला जातो आणि राउटरच्या आत त्याच्यासाठी एक स्वतंत्र काल्पनिक दार उघडते. पाचशे ग्राहक म्हणजे अशी पाचशे दारे. आणि वीज जाऊन परत आली की ती सर्व एका दमात उघडावी लागतात. त्या क्षणी दुबळा राउटर गुदमरतो, ग्राहकांची यंत्रे पुन्हापुन्हा प्रयत्न करू लागतात आणि गोंधळ आपणच आपल्याला वाढवीत नेतो. म्हणून नवा राउटर पारखताना मुद्दाम सगळे दुवे तोडून ते पुन्हा जोडावेत, आणि शेवटचा ग्राहक किती मिनिटांत परत येतो हे घड्याळ लावून पाहावे. शिवाय या शिष्टाचाराचे आठ बाइट पॅकेटमध्ये शिरल्यामुळे पंधराशेऐवजी १४९२ बाइटच उरतात; त्याची तजवीज केली नाही तर काही संकेतस्थळे उघडतात आणि काही उघडतच नाहीत, असा बुचकळ्यात टाकणारा आजार जडतो.

दुसरे काम पत्त्यांच्या अदलाबदलीचे. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि आशिया-पॅसिफिकचा मुक्त साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये आटला; तेव्हापासून अनेक घरांना एका सार्वजनिक पत्त्यामागे उभे करणे लहान सेवादाराला अपरिहार्य झाले. एका घरातील फोन, दूरचित्रवाणी आणि कॅमेरे मिळून दोनतीनशे जोडण्या सहज उघडतात. पाचशे घरांचा गुणाकार केला तर लाख-दीड लाख जोडण्यांची नोंद यंत्राच्या स्मृतीत जिवंत ठेवावी लागते. त्यात परवान्याच्या अटींप्रमाणे कोणता सार्वजनिक पत्ता कोणत्या क्षणी कोणाच्या वापरात होता याचे दफ्तर दोन वर्षे जपावयाचे आहे, आणि 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांच्या नोंदी एकशे ऐंशी दिवस देशाच्या हद्दीत ठेवावयाच्या आहेत. प्रत्येक जोडणीची स्वतंत्र नोंद पाठवत बसणे हा राउटरवर फार मोठा बोजा आहे. त्यापेक्षा प्रत्येक ग्राहकाला पोर्टांचा ठरावीक गट नेमून दिला तर नोंद एकदाच करावी लागते. ज्या राउटरला ही सोय नीट साधत नाही तो कितीही वेगवान असला, तरी भारतातील सेवादाराने घेऊ नये. आणि नव्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही६ चे, पत्ते ग्राहकांना द्यावेत; व्हिडिओची रहदारी त्या वाटेने गेली की अदलाबदलीचा भार आपोआप उतरतो.

तिसरे काम रांगांचे, आणि माझ्या मते ते सर्वांत मोलाचे, कारण ग्राहकाला सुख किंवा दुःख होते ते येथे. बिनतारी दुव्याची क्षमता तारेसारखी अढळ नसते; शेजारच्या टॉवरने तोच पट्टा वापरला की ती घटते, आणि तो थांबला की वाढते. दुव्याच्या तोंडाशी पॅकेटे तुंबली की ती रेडिओच्या पोटातील साठ्यात उभी राहतात. सव्वा मेगाबाइटांचा साठा शंभर मेगाबिटच्या दुव्यावर एक दशांश सेकंदाचा विलंब लावतो, आणि दहा मेगाबिटच्या दुव्यावर तोच साठा पुऱ्या एका सेकंदाचा विलंब लावतो. संभाषणासाठी एका दिशेचा विलंब दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावा अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. एका घरात कोणी चित्रपट उतरवून घेऊ लागताच शेजारच्या घरातील मुलीच्या ऑनलाइन तासात शिक्षकांचा आवाज तुटू लागतो, किंवा आरोग्य केंद्रातून शहरातल्या डॉक्टरांशी चाललेले बोलणे अडखळते, ते बहुधा याच साठ्यापायी. वेग मोजणाऱ्या चाचणीत या दुखण्याचा मागमूसही लागत नाही.

संगणकतज्ज्ञ जिम गेटीस यांनी २०१०-११ च्या सुमारास साठ्यातील तुंबण्याच्या या दोषाकडे जगाचे लक्ष वेधले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली त्यावर 'कोडेल' नावाचा उपाय प्रसिद्ध केला. रांग किती लांब आहे याऐवजी पॅकेट रांगेत किती काळ ताटकळले याकडे तो पाहतो. त्याला प्रत्येक संभाषणाची रांग वेगळी ठेवण्याची जोड मिळाली आणि तो संयुक्त उपाय २०१८ साली विधिवत नोंदला गेला. राउटरओएसच्या सातव्या आवृत्तीत तो, आणि त्याचा पुढचा अवतार 'केक', दोन्ही आहेत; लिब्रेक्यूओएस या मुक्त प्रणालीने तर साध्या सर्व्हरवर हजारो ग्राहकांच्या रांगा या पद्धतीने चालविण्याचे काम बिनतारी सेवादारांसाठीच हाती घेतले. यातील मर्म एवढेच की, दुव्याच्या क्षमतेहून थोडी खाली, पंचाऐंशी-नव्वद टक्क्यांवर, राउटरमध्येच मर्यादा घालावी, म्हणजे तुंबणे रेडिओत न होता राउटरमध्ये होते आणि तेथे ते शहाणपणाने हाताळता येते. त्यासाठी बळ लागते. म्हणूनच मी म्हणतो की, तीनशे मेगाबिटच्या दुव्यासाठी गिगाबिट राउटर घेणे ही चैन नाही. रांगांचा खर्च वजा जाता त्याच्यापाशी तेवढेच उरते.

यंत्राच्या बुद्धीबरोबर त्याच्या देहाचाही विचार केला पाहिजे. घरगुती राउटर बहुधा चाळीस अंशांपर्यंतच्या तापमानासाठी प्रमाणित असतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात सावलीतच पंचेचाळीस अंश होतात, मग उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत काय होत असेल ते सांगावयास नको. साठ-सत्तर अंशांपर्यंत टिकणारी आणि पंख्यावाचून चालणारी यंत्रे मिळतात, तीच टॉवरवर ठेवावीत. पंखा हा धुळीने आधी मरणारा भाग आहे. विजेचे गणित तर याहून कठोर. दहा वॅटचा राउटर दिवसाला २४० वॅट-तास, म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीतून २० अँपिअर-तास घेतो. कोकणातील आषाढात तीन दिवस सूर्यदर्शन झाले नाही तर साठ, आणि बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यावयाची नाही म्हणून एकशेवीस अँपिअर-तासांचा बंदोबस्त लागतो. राउटर चाळीस वॅटचा असेल तर हाच आकडा चारशेऐंशीवर जातो, आणि त्या बॅटऱ्या खांद्यावरून डोंगर चढवाव्या लागतात. म्हणून सौरऊर्जेवरच्या टेकडीवर लहान, थोडक्यात भागविणारा राउटर ठेवावा आणि ओळख, अदलाबदल, रांगा ही जड कामे पायथ्याच्या कचेरीतील थोरल्या यंत्राकडे सोपवावीत. राउटरला काचतंतूचे पोर्ट असावे आणि टॉवरवरून उतरणारी तांब्याची तार सरळ त्याच्यात खोचू नये. वीज कोसळते तेव्हा मधला दोन हातांचा काचतंतू सबंध कपाट वाचवितो.

सुरक्षिततेचा मुद्दा थोडक्यात पण आग्रहाने मांडतो. राउटरओएसमधील एका गंभीर छिद्राची दुरुस्ती एप्रिल २०१८ मध्ये उपलब्ध झाली, तरी तीन वर्षांनंतर, २०२१ साली, 'मेरिस' नावाच्या हल्लेखोर जाळ्याने असंख्य यंत्रे वेठीस धरली, त्यांत तेव्हापासून दुरुस्त न केलेली यंत्रे होतीच. युबिक्विटीच्या रेडिओंवर मे २०१६ मध्ये जो कृमी पसरला त्याचेही औषध वर्षभर आधी तयार होते. म्हणून कंपनी दुरुस्ती किती वर्षे देते हे घेताना विचारावे, आणि घेतल्यावर ती लावण्यासाठी महिन्यातील एक रात्र राखून ठेवावी. राउटरच्या व्यवस्थापनाचे दार तर इंटरनेटकडून कायमचे बंदच हवे. १५ जून २०२१ पासून परवानाधारकांच्या जाळ्यात विश्वासार्ह स्रोताकडूनच यंत्रे घेण्याचा दंडक आहे, त्याचीही खातरजमा खरेदीपूर्वीच करावी. नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

किमतीविषयी विचारले तर माझा निवाडा असा आहे: एका मोठ्या राउटरच्या पैशांत त्याच जातीचे दोन मध्यम राउटर येत असतील तर दोन घ्यावेत, आणि दुसरा राउटर चालू यंत्राची मांडणी आत भरून कपाटात तयार ठेवावा. शहरातील कंपनी चोवीस तासांत बदली यंत्र पाठवू शकते. घाटात दरड कोसळली असताना तालुक्याचा सेवादार ते आणणार कोठून? आणि यंत्र असे असावे की, ते आपल्याकडे तांत्रिक काम पाहणाऱ्या मुलाला मध्यरात्री, फोनवरच्या कोणाच्याही मदतीवाचून, पूर्ववत करता येईल.

या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्या तरुणांना एवढीच विनंती आहे की, वेष्टन आणि पत्रक बाजूला ठेवून विक्रेत्याकडून यंत्र आठ दिवसांसाठी मागून घ्यावे, आपले खरे ग्राहक, आपले नियम, आपल्या रांगा आणि आपली नोंदवही त्याच्यावर लादावी, आणि शनिवार-रविवारी रात्री नऊ ते अकरा या वेळात प्रत्येक कोअरचा भार आणि पिंगचा विलंब कागदावर उतरवावा. कोणताही कोअर सत्तर टक्क्यांच्या वर गेला तर ते यंत्र पुढच्या वर्षी अपुरे पडणार आहे; त्याहून थोरले घ्या. आणि जो विक्रेता आठ दिवस यंत्र द्यावयास तयार नाही, त्याच्याकडून ते विकत घेऊ नका.